हा पैसा कोणाचा?

पोलादी सांगाड्यांची ड्रॉइंग तपासणं हा माझा व्यवसाय. ह्यूस्टनच्या आसपास रिफायनऱ्या आणि रसायनांचे कारखाने आहेत. त्यांत पाइपांच्या ओळी डोक्यावरून वाहून नेणारे उंच पोलादी मांडव असतात, त्यांना पाइप रॅक म्हणतात. फॅब्रिकेटरची शॉप ड्रॉइंग मूळ डिझाइनशी जुळतात का, बोल्टांची भोकं समोरासमोर येतात का, अँकर बोल्ट पायाच्या ड्रॉइंगमध्ये दाखवलाय तिथंच आहे का, हे मी बघते, लाल खुणा करते आणि परत पाठवते. सही-शिक्का तिथल्या परवानाधारक इंजिनिअरचा, नजर माझी. बरीच वर्षं हे काम मी ह्यूस्टनमध्येच नोकरी म्हणून केलं. मुलगी तिकडे नोकरीला लागली, वडील गेले, आई पुण्यात एकटी पडली. तेव्हा मी आणि नवरा कोथरूडला परत आलो आणि तेच काम मी फ्रीलान्सर म्हणून करू लागले. उन्हाळ्यात ह्यूस्टन आपल्या साडेदहा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेअकरा. त्यांनी संध्याकाळी घरी जाताना पाठवलेलं ड्रॉइंग सकाळी कामावर येईपर्यंत तपासून तयार असतं. या घड्याळावरच माझा धंदा चालतो.

नवऱ्यानं भारतीय पासपोर्ट कधी सोडला नाही. परतताना त्यानं ग्रीन कार्डही रीतसर परत केलं. मी मात्र अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं. काही प्रकल्पांवर नागरिकच लागत, आणि दर वेळी व्हिसाच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आला होता. म्हणजे आता एका घरात, एका छपराखाली, एक करदाता फक्त भारताचा आणि दुसरी दोन्हीकडची.

हा फरक मला सगळ्यांत स्वच्छ दिसला तो को-वर्किंगमधल्या शेजाऱ्यामुळे. कर्वे रस्त्यावरच्या या जागेत माझ्या बाजूच्या टेबलावर सांगलीचा एक तरुण डिटेलर, म्हणजे शॉप ड्रॉइंग काढणारा, बसतो. योगायोगानं आम्हा दोघांना एकाच अमेरिकी कंपनीचं काम मिळालं. त्यांच्या अकाउंट्स विभागानं पत्ते पाहिले, दोन्ही पुण्याचे, म्हणून दोघांनाही डब्ल्यू-८बेन हा फॉर्म धाडला. मी परदेशी आहे, अमेरिकेबाहेर राहतो, असं त्यात लिहून द्यायचं असतं. त्यानं सही केली आणि त्याचा अमेरिकेशी असलेला करविषयक संबंध तिथंच संपला. काम भारतात बसून केलेलं, माणूस भारताचा. अमेरिकेला त्या पैशावर हक्क सांगता येत नाही. मला मात्र उलट टपाली कळवावं लागलं की माझ्यासाठी डब्ल्यू-९ पाठवा, मी नागरिक आहे. परिणामी जानेवारीअखेर मला दिलेल्या पैशाचा १०९९-एनईसी हा फॉर्म माझ्या नावानं निघतो आणि त्याची एक प्रत थेट आयआरएसला, म्हणजे तिथल्या कर खात्याला, जाते.

"ताई, राहता इथं, काम करता इथं, आणि रिटर्न तिकडे?" त्यानं विचारलं.

"दोन्हीकडे," मी म्हटलं. "तिकडे तर दोन ठिकाणी."

जगात बहुतेक देश माणूस कुठं राहतो हे बघून कर लावतात. नागरिक कुठंही असो, त्याच्या सगळ्या कमाईवर हक्क सांगणारे देश दोनच डोळ्यांपुढे येतात, अमेरिका आणि एरिट्रिया. अमेरिकेत ही गोष्ट यादवी युद्धाइतकी जुनी. १८६१ साली तिथं पहिला आयकर कायदा झाला, तेव्हाच परदेशी राहणाऱ्या नागरिकांना त्यात धरलं होतं. पुढं मेक्सिको सिटीत राहणाऱ्या कुक नावाच्या गृहस्थानं हे आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. १९२४ साली न्यायालयानं त्याच्याविरुद्ध निकाल दिला: नागरिक जिथं असेल तिथं सरकार त्याच्या पाठीशी असतं, म्हणून कर लावण्याचा अधिकारही त्याच्यामागं तिथवर जातो. त्या निकालाला शंभर वर्षं होऊन गेली, आणि तो कोथरूडपर्यंत लागू आहे.

लोकांना वाटतं की आम्ही दोनदा कर भरतो. आयकराच्या बाबतीत तसं सहसा होत नाही. भारत आणि अमेरिकेचा करार १९८९ साली झाला, आणि अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्यातही दोन वाटा आहेत. पहिली, परदेशात कमावलेलं उत्पन्न एका मर्यादेपर्यंत वगळण्याची. २०२५ सालासाठी ही मर्यादा १,३०,००० डॉलर होती. त्यासाठी सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर असावं लागतं, किंवा परदेशात कायमचं बस्तान असल्याचं दाखवावं लागतं. दुसरी वाट म्हणजे भारतात भरलेल्या आयकराचं श्रेय तिकडे घेण्याची. माझ्या ह्यूस्टनच्या करसल्लागार सीपीए बाईंनी मला दुसऱ्या वाटेवर आणलं, आणि त्याचं कारण मराठी घरात कुणालाही पटेल. मुलीचं बाळंतपण आलं की आई जाणार, आणि दीड-दोन महिने राहणार. ३३० दिवसांचं गणित अशा वर्षी कोलमडतं. शिवाय पहिली वाट एकदा घेऊन सोडली, तर आयआरएसच्या परवानगीशिवाय पाच वर्षं तिच्यावर परत जाता येत नाही. श्रेयाच्या वाटेत शिल्लक राहिलेलं श्रेय दहा वर्षं पुढं नेता येतं. मात्र मुलीच्या घरी बसून, नातवाला झोपवून, मी जी ड्रॉइंग तपासली त्यांची कमाई अमेरिकेतली धरली जाते. खुर्ची कुठं होती, याला इथं महत्त्व आहे. म्हणून माझ्या कॅलेंडरवर प्रवासाचे दिवस आणि कामाचे दिवस वेगवेगळ्या शाईनं लिहिलेले असतात.

खरा पैसा जातो तो वेगळ्याच खात्यात. अमेरिकेत नोकरदाराच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी ७.६५ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालक घालतो. फ्रीलान्सर स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर, म्हणून त्यानं दोन्ही वाटे भरायचे, १५.३ टक्के. याला सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स म्हणतात. वर्षाचा नफा ४०० डॉलर झाला की तो लागू होतो. उत्पन्न वगळण्याच्या पहिल्या वाटेनं हा कर चुकत नाही, आणि भारतात भरलेला आयकर त्यात वळताही होत नाही.

आकडे मांडून बघू. माझे नव्हेत, पण माझ्यासारखीचे. समजा वर्षाला ४८,००० डॉलर आले आणि सॉफ्टवेअर, लॅपटॉप, टेबलाचं भाडं, इंटरनेट असा ८,००० डॉलर खर्च झाला. डॉलर ८५ रुपयांचा धरू. अमेरिकेच्या हिशेबात नफा ४०,००० डॉलर, म्हणजे ३४ लाख रुपये. भारतात इंजिनिअर, वकील, डॉक्टर वगैरेंसाठी ४४एडीएची सोय आहे. खर्चाच्या पावत्या न दाखवता एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा मानायची. एकूण जमा ४०.८ लाख, त्यामुळे नफा २०.४ लाख. त्याच माणसानं, त्याच खुर्चीत केलेल्या त्याच कामाचा नफा एका देशात ३४ लाख आणि दुसऱ्यात २०.४ लाख, आणि दोन्ही आकडे कायदेशीर! भारताचा आयकर २०२५-२६च्या नव्या दरांनी, उपकरासह, सुमारे २ लाख १८ हजार होतो. अमेरिकेचा आयकर भारताच्या श्रेयानं जवळपास शून्यावर येतो. पण सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स ५,६५२ डॉलर, म्हणजे ४ लाख ८० हजार रुपये. जिथं राहते, रस्ते वापरते, पाणी पिते, त्या देशाला दिलेल्या आयकराच्या दुपटीहून जास्त.

पहिल्या वर्षी हा आकडा बघून आमचे सीए खुर्चीत मागं टेकले. "मॅडम, तुम्ही आमच्याकडे रेसिडंट, त्यांच्याकडे सिटिझन. पण हा कर तर दोन्हींत बसत नाही. ही सक्तीची बचत झाली." त्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. साधारण तीस देशांशी अमेरिकेचे सामाजिक सुरक्षेचे करार आहेत. पहिला इटलीशी १९७८ साली झाला. ब्रिटन, जर्मनी, जपान, ब्राझील त्या यादीत आहेत. असा करार असला की माणसानं एकाच देशाच्या निवृत्तिवेतनात पैसे घालायचे. भारत त्या यादीत नाही. एच-१बीवर गेलेली आपली मुलं काही वर्षं पगारातून सोशल सिक्युरिटी भरतात आणि दहा वर्षं पुरी व्हायच्या आत परततात, त्यांना त्यातून काही मिळत नाही. म्हणून भारत हा करार पुष्कळ वर्षं मागतो आहे. त्यांच्यासाठी तो व्हायलाच हवा.

माझ्यासाठी हवा का, याचं उत्तर मला पूर्वी सोपं वाटायचं. आता तितकं वाटत नाही. भारतात स्वतंत्र काम करणाऱ्यावर भविष्यनिधीची सक्ती नाही. उद्या करार झाला, तर मी अमेरिकेत भरायची थांबेन आणि इथं कुणी मागणार नाही. म्हातारपणासाठी जे काही राहील ते माझ्या शिस्तीवर. सोशल सिक्युरिटीचं वेतन ठरवताना कमाईची सगळ्यांत चांगली ३५ वर्षं धरतात. मी उशिरा सुरुवात केलेली, त्यामुळे माझ्या यादीत शून्यं पुष्कळ आहेत. कोथरूडहून भरलेलं प्रत्येक वर्ष एक शून्य पुसतं, आणि ते वेतन अमेरिकी नागरिकाला पुण्यात बसूनही मिळतं. म्हणून १५.३मधले १२.४ टक्के मी फारशी कुरकुर न करता भरते. कुरकुर आहे ती उरलेल्या २.९ टक्क्यांची. ते मेडिकेअरचे, आणि मेडिकेअर अमेरिकेबाहेरच्या दवाखान्याचं बिल सहसा देत नाही. तो विमा मी भरते, आणि वर पुण्यातल्या दवाखान्यासाठी दुसराही भरते.

नोकरीत असताना यातलं काहीच मला दिसत नव्हतं. पगाराच्या चिठ्ठीवर कापलेल्या रकमा छापलेल्या असत, आणि मी फक्त शेवटची ओळ वाचायची. फ्रीलान्सरला मध्ये उभं राहणारं कुणी नाही. संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर १५ जानेवारीचा अमेरिकेचा हप्ता, १५ मार्चला भारताचा आगाऊ कर, एप्रिल, जून आणि सप्टेंबरच्या १५ तारखांना पुन्हा अमेरिकेचे हप्ते. भारताचं विवरणपत्र पावसाळ्यात. अमेरिकेचं, परदेशी राहणाऱ्यांना मिळणारी सवलत धरून, १५ जूनपर्यंत, आणि मुदत मागून घेतली तर १५ ऑक्टोबरपर्यंत. ही मुदत कागदाला मिळते, पैशाला मिळत नाही; व्याज १५ एप्रिलपासूनच चालू होतं. मध्येच जीएसटी. परदेशी दिलेल्या सेवेवर तो शून्य असतो. पण जमा २० लाखांच्या वर गेली की नोंदणी हवी, आणि कर न भरता निर्यात करता यावी म्हणून दर वर्षी हमीपत्र द्यायचं. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, आमचे सीए मात्र अजून "४४एडीए"च म्हणतात.

डॉलरचा भावसुद्धा एक नाही. बँकेनं त्या दिवशी दिलेला दर भारतातल्या जमेसाठी. अमेरिकेच्या विवरणपत्रात रुपयातलं व्याज दाखवायचं तर वर्षाचा सरासरी दर चालतो. बँक खात्यांच्या ज्या अहवालाबद्दल पुढं सांगते, त्यासाठी तिथल्या ट्रेझरीचा ३१ डिसेंबरचा दर. आणि भारताला माझी अमेरिकेतली मालमत्ता सांगायची तर स्टेट बँकेचा खरेदी दर. एका डॉलरचे चार भाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले की निम्मा गोंधळ कमी होतो.

इथवर जे सांगितलं ते आकड्यांचं काम आहे, आणि आकड्यांशी माझं जमतं. आठ मिलिमीटरचा फरक शोधून पोट भरणाऱ्या बाईला तारखा आणि टक्के यांची धास्ती नसते. दमवलं ते दुसऱ्याच प्रश्नानं. या सगळ्या फॉर्मांच्या तळाशी एक गृहीतक आहे: प्रत्येक रुपयाला एक मालक असतो, आणि तो मालक कोण हे सांगता येतं. आपल्या घरांत पैसा असा वागत नाही.

परत आल्यावर पहिल्याच महिन्यात बँकेतल्या तरुणानं म्युच्युअल फंडाचा अर्ज पुढं सरकवला. सीपीए बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, एक रुपयाही नको. अमेरिकेच्या १९८६ सालच्या कायद्यानं परदेशी फंडांसाठी वेगळे नियम केले. अमेरिकी लोकांनी परदेशी फंडांत पैसा ठेवून कर पुढं ढकलू नये, हा त्यामागचा हेतू. त्या जाळ्यात भारतातले साधे म्युच्युअल फंडही येतात. फंड विकून झालेला नफा धरून ठेवलेल्या वर्षांवर पसरायचा, मागच्या प्रत्येक वर्षाच्या वाट्यावर त्या वर्षीचा सगळ्यांत वरचा दर लावायचा, वर व्याज. आणि रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म. पाच हजारांच्या चार एसआयपींसाठी करसल्लागाराची फी एसआयपीहून मोठी व्हायची. म्हणून आमच्या घरात एसआयपी नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहेत, माझी बचत मुदत ठेवींत आणि तिकडच्या फंडांत. नवरा आता त्यांच्या लेखी अनिवासी परदेशी, तरी माझ्या अमेरिकी विवरणपत्रात त्याचं नाव आणि जुना सोशल सिक्युरिटी नंबर येतो. तीस वर्षांच्या संसारात "तुझे पैसे, माझे पैसे" अशी भाषा आम्ही केली नव्हती. ती आम्हाला एका फॉर्मानं शिकवली.

मग आईच्या ठेवी. आई सावध बाई. सहकारी बँकांवर निर्बंध आल्याच्या बातम्या तिनं वाचल्या आहेत. बँक बुडाली तर ठेव विम्यातून व्याजासकट पाच लाखांपर्यंतच मिळतात, हे तिला पाठ आहे. म्हणून ती एका बँकेत साडेचार लाखांहून जास्त ठेवत नाही. त्यामुळे बँका अनेक, पावत्या त्याहून अनेक. आणि वडील गेल्यानंतर प्रत्येक पावतीवर दुसरं नाव माझं. "मला काही झालं तर तुला धावाधाव नको," एवढाच हेतू. त्यात माझा एक पैसा नाही. व्याज तिचं, टीडीएस तिच्या पॅनवर.

अमेरिकेचा एफबार नावाचा अहवाल याबाबत ठाम आहे. परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की सगळी खाती सांगायची. संयुक्त खातीही, आणि त्यात दुसऱ्या धारकाचं नाव-पत्ताही. आईच्या दोन पावत्यांतच ती मर्यादा ओलांडते. हा अहवाल आयआरएसकडे जात नाही. तो ट्रेझरीच्या आर्थिक गुन्हे शोधणाऱ्या विभागाकडे जातो, कारण त्याचं मूळ १९७०च्या, काळा पैसा धुण्याला आळा घालणाऱ्या कायद्यात आहे. ऐंशी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिकेच्या, म्हणजे आईच्या, ठेवी आणि बचत खातं मी दर वर्षी त्या विभागाला कळवते. प्रत्येक खात्यातली वर्षभरातली सर्वोच्च शिल्लक लिहायची, आणि सेंट असतील तर वरच्या पूर्ण डॉलरवर न्यायची. गंमत अशी की ठेव मुदत संपून बचत खात्यात येते आणि तिची नवी पावती होते, तेव्हा तेच साडेचार लाख जुनी पावती, बचत खातं, नवी पावती अशा तीन ओळींत दिसतात. कागदावर आई तिप्पट श्रीमंत. कर एका डॉलरचा नाही, फक्त सांगायचं आहे. न सांगितलं तर मात्र दंड मोठा. रोमानियात राहिलेल्या बिटनर नावाच्या अमेरिकी नागरिकावर पाच वर्षांतल्या २७२ नोंदींसाठी प्रत्येकी दहा हजार डॉलर लावले गेले होते, एकूण २७ लाख २० हजार. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की दंड खात्यांवर नाही, अहवालांवर मोजा. तेव्हा तो ५० हजारांवर आला.

आईला हे समजावणं मला जड गेलं. "माझ्या पैशाशी त्यांचा काय संबंध?" हा तिचा प्रश्न रास्त होता. संबंध तुझ्या पैशाशी नाही, माझ्या नावाशी आहे, असं म्हटलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "अगं, मग तुझं नाव काढून नॉमिनी लावूया का?"

तेव्हाच सोसायटीचंही प्रकरण निघालं. आमच्या सहकारी सोसायटीत खजिनदार मिळत नव्हता. "तुम्ही घरूनच काम करता ना, मॅडम," असं म्हणून सगळ्यांनी माझं नाव पुढं केलं. खजिनदार म्हणजे चेकवर सही. आणि एफबारमध्ये ज्या खात्यात आपला काही वाटा नाही पण सहीचा अधिकार आहे, त्यासाठी वेगळा भाग आहे. म्हणजे सोसायटीचा दुरुस्ती निधी, लिफ्टसाठी साठवलेले पैसे, पार्किंगचं भाडं, सगळं वॉशिंग्टनला कळवायचं. हे मी सर्वसाधारण सभेत सांगितलं तेव्हा आधी हशा पिकला. मग एका काकांनी गंभीरपणे विचारलं, की अमेरिकेनं सोसायटीकडे कर मागितला तर?

आणि हे एकतर्फी आहे असंही नाही. मी भारताची निवासी झाल्यापासून भारतही तिकडच्या खात्यांची यादी मागतो. परदेशी मालमत्ता असली की सोपा सुगम फॉर्म मिळत नाही, मोठा घ्यावा लागतो. एरवी सगळा हिशेब एप्रिल ते मार्च. पण या यादीसाठी जानेवारी ते डिसेंबरचं कॅलेंडर वर्ष धरतात. ह्यूस्टनचं बचत खातं, जुन्या नोकरीतला निवृत्ती निधी, सगळं लिहायचं. न लिहिणाऱ्याला २०१५च्या काळ्या पैशाच्या कायद्यात दहा लाखांचा दंड होऊ शकतो. एक देश पुण्याच्या खात्यांबद्दल विचारतो, दुसरा ह्यूस्टनच्या. दोघांचा संशय सारखाच आहे, की पैसा आमच्या नजरेआड ठेवला असेल.

"मग सोडून का देत नाही ते नागरिकत्व?" सांगलीचा शेजारी विचारतो, नवऱ्याचे मित्र विचारतात. त्यांना वाटतं की मुंबईच्या वकिलातीत जाऊन पासपोर्ट टेबलावर ठेवला की झालं. त्याची फी २०१४ साली ४५० डॉलरवरून २,३५० केली गेली, पण फी ही लहान गोष्ट. मागच्या पाच वर्षांचे सगळे कर नीट भरल्याचं प्रतिज्ञेवर सांगावं लागतं. आणि मुख्य अडचण अशी की मी सध्या भारताची नागरिक नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. माझं ओसीआय कार्ड म्हणजे कायमचा परवाना, नागरिकत्व नव्हे. अमेरिकेचं सोडलं तर मी कुठल्याच देशाची राहणार नाही. आधी भारताचं परत मिळवायला हवं. त्यासाठी ओसीआय होऊन पाच वर्षं झालेली हवीत, अर्जाआधी सलग बारा महिने इथं वास्तव्य हवं, आणि मग अर्जाची वाट पाहणं. तोवर दर वर्षीचा सगळा कागद चालूच. आणि मुलगी, नातू तिकडे. म्हातारपणी एखाद्या रात्री विमानात बसावं लागलं तर व्हिसाच्या तारखेची वाट बघायची नाही, एवढ्यासाठी तरी तो पासपोर्ट मला हवा आहे. त्याची किंमत मला ठाऊक आहे, ती मी दर तिमाहीला भरते.

म्हणून मी सोडण्याऐवजी निवड केली. फंड सोडले, ते फक्त पैसे होते, दुसरीकडे ठेवता आले. सोसायटीत हिशेब मीच लिहिते, पण चेकवर सह्या अध्यक्ष आणि सचिव करतात. नव्या ठरावानं खजिनदाराची सही बँकेतून काढली. आईच्या पावत्यांवरचं नाव मात्र मी काढू दिलं नाही. नॉमिनीला पैसे मिळतात ते माणूस गेल्यावर. आईला त्या नावाची गरज जिवंतपणी आहे, दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी, तिची सही थरथरते म्हणून बँकेनं चेक परत केला त्या दिवशी. त्यासाठी एफबारच्या आणखी काही ओळी भराव्या लागत असतील तर भरीन. आता डिसेंबर संपला की आई स्वतःच पासबुकं घेऊन बसते, प्रत्येकातल्या सर्वांत मोठ्या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढते आणि विचारते, "यंदा त्यांचा डॉलर केवढ्याला?"

हल्ली परतायचा विचार करणारी जोडपी ओळखीतून फोन करतात. अमेरिकेतलं कंत्राटी काम इथून चालू ठेवायचं असतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: एकूण किती टक्के जातात? टक्के मी सांगते, पण नंतर. टक्के सीपीएही सांगेल आणि सीएही. आधी मी त्यांना कागद घ्यायला लावते आणि एक यादी करायला सांगते: आई, वडील, सासू, भाऊ, गावाकडची शेती, सोसायटी, मंडळ, देवस्थानाचा ट्रस्ट, यांतल्या कुणाकुणाच्या खात्यात तुमचं नाव किंवा सही आहे, आणि त्यातली कुठली नावं तुम्ही काहीही झालं तरी काढणार नाही? यादी हातात आली की बाकीचं गणित सोपं आहे.